एरर खालून वाचायची असते

समीरला हे माहीत नाही. आईला नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार जवळचे आहात म्हणून नव्हे, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि एक आधीच बजावून ठेवते — वाचून झाल्यावर "अगं, नवीन होतीस, होतं असं" म्हणायचं नाही. ते वाक्य माझं आहे. त्याच वाक्याच्या आड मी इतकी वर्षं बसले आहे, आणि आज मला तिथून उठायचं आहे.

पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स शिकवत होते. माझ्या नवऱ्याला, समीरला, सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली, तसे आम्ही सेम्बावांगला राहायला आलो. मला जो पास मिळाला त्याचं नाव डिपेंडंट पास. म्हणजे अवलंबून असलेली बाई. सरकारी कागदावर तसं लिहिलेलं असतं, आणि कुठेही गेलं की ते कार्ड दाखवावं लागतं. इथल्या मराठी बायका भेटल्या की पहिला प्रश्न, मुलगा कुठल्या शाळेत, आणि दुसरा, "तू काय करतेस?" या दुसऱ्या प्रश्नाला मी "सध्या काही नाही" म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आदळायचे. समीर म्हणायचा, कशाला एवढं मनाला लावून घेतेस. त्याला काय जातंय म्हणायला!

मग मी प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुलगा शाळेत गेला की. आणि नोकरी मिळवली — बुओना व्हिस्टाला, एका छोट्या कंपनीत. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची ती कंपनी. पेशंटला नंबर द्यायचा, आणि त्याची पाळी आली की भिंतीवरच्या स्क्रीनवर नंबर दाखवून पुकारायचा, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

तिथे प्रज्ञा होती.

प्रज्ञा नागपूरची, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण कामात कितीतरी पुढे. हौगांगला एका चिनी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन एकटी राहायची. फटकळ होती. मीटिंगमध्ये कुणी थाप मारली की "हे चूक आहे" असं सरळ म्हणायची, समोर कोण आहे ते न बघता. मला मात्र ताई म्हणायची, अहो-जाहो करायची.

मी तेव्हा एरर आली की घाबरायचे. काळ्या खिडकीत भराभर ओळी उमटायच्या, फाइलींची नावं, ओळींचे आकडे. ट्रेसबॅक म्हणतात त्याला. मी कॉमर्सवाली, वरून खाली वाचायची सवय. पहिल्या ओळीत जी फाइल दिसेल ती उघडून बसायचे आणि अख्खी दुपार तिच्यात चूक शोधायचे. चूक तिथे नसायचीच. एकदा प्रज्ञा मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो ताई, वरून काय वाचून राहिल्या तुम्ही? खालून वाचा न."

खुर्ची ओढून बसली आणि शिकवलं तिने मला. शेवटची ओळ आधी वाचायची, काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. मग एकेक ओळ वर चढायचं, कोणी कोणाला बोलावलं ते कळतं. आणि तिसरी गोष्ट तिने सांगितली, ती मी आयुष्यात विसरणार नाही — प्रोग्रॅम जिथे पडला तिथेच चूक असते असं नाही. पडतो एकीकडे, चूक करून ठेवलेली असते दुसरीकडे. ज्या फाइलचं नाव दिसतं तिच्यावर लगेच खापर फोडायचं नाही.

क्लास हा प्रकारही तिनेच मला समजावला. क्लास म्हणजे साचा. एक मूळ साचा असतो, आणि त्याच्यावरून दुसरा काढता येतो. मुळातलं सगळं दुसऱ्याला आयतं मिळतं. फक्त दुसऱ्यात स्वतःची वेगळी सुरुवात लिहिली, तर मूळ साच्याला "आधी तुझं काम करून घे" असं सांगणारी एक ओळ घालावी लागते. ती विसरलात तर मुळातलं काहीच मिळत नाही. बिनबोभाट मिळत नाही, ही त्यातली गंमत. लिहिताना काही बोंब होत नाही. ती गोष्ट कुणी मागितली की मग सगळं कोसळतं.

ऑफिसात आम्ही मराठी बरेच होतो. मॅनेजर अभिजित पुण्याचा, टीममधले आणखी दोघे पुण्या-मुंबईचे. दुपारी सगळे मिळून हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला जायचे. प्रज्ञा नवीन लागली तेव्हा पहिल्याच जेवणात तिला आडनाव विचारलं गेलं, मग गाव, मग नुसतं "अच्छा" म्हटलं गेलं. मी ते नंतर ऐकलं, आणि ऐकून मला काहीही वाटलं नाही. ती बौद्ध, आम्ही बाकीचे ब्राह्मण घरांतले. कोणी तिला वावगं बोलत नव्हतं हो! फक्त तिच्यामागे तिच्या "करून राहिले, बोलून राहिले"ची नक्कल व्हायची, आणि मी हसायचे. मनापासून हसायचे. हेही इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्हाला अर्धंच कळेल.

आता त्या दिवसाकडे येते. किती वेळ टाळणार?

मूळ साचा प्रज्ञाने लिहिला होता, त्याचं नाव पेशंट. नंबर देणं आणि तो पुकारणं, दोन्ही कामं त्याच्यात. त्याच्यावरून मी एक क्लास काढला होता, सीनियरपेशंट. म्हाताऱ्या माणसांना आधी बोलवायचं, म्हणून वेगळा. माझं पहिलं स्वतंत्र काम. घरी मी त्याचं कौतुक इतकं सांगितलं होतं की मुलगा इथल्या इंग्रजीत म्हणाला, "ओके लाह, आई, वी नो." आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यात एक शेवटचा बदल केला आणि नीट चालवून न बघता सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये चढवला. घरी जायची घाई होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात आमचं सॉफ्टवेअर खऱ्या पेशंटवर चालवून दाखवायचं होतं. प्रज्ञाची रजा होती. तिची आई नागपूरहून पहिल्यांदाच येत होती, पहिल्यांदाच विमानात बसून. ती चांगी विमानतळावर आईला आणायला गेली होती. लॅपटॉपपाशी मी, आणि दाराशी दवाखान्याच्या मॅनेजरबाईंबरोबर अभिजित. पहिला नंबर पुकारला गेला. दुसरा गेला. मग एका आजोबांची पाळी आली. हातात काठी, शेजारी त्यांना घेऊन आलेली इंडोनेशियन मदतनीस. आणि स्क्रीन मेला.

लॅपटॉपवर ओळी उमटल्या. मी शेवटची ओळ वाचली.

वर प्रज्ञाची फाइल होती — पुकारायचं काम तिच्या कोडमध्ये, म्हणून प्रोग्रॅम तिथे पडला होता. ओळींमध्ये फाइलींची नावं सगळी तिचीच. माझ्या क्लासचं नाव फक्त एका ठिकाणी होतं, अगदी तळाला, शेवटच्या ओळीत. सीनियरपेशंटकडे नंबरच नाही, असं ती ओळ सांगत होती. मूळ साच्याला सांगायची ती एक ओळ मी काल घाईत उडवली होती. हे सगळं मला एका नजरेत कळलं. मला आनंद झाला, खरं सांगते. क्षणभर का होईना, पण झाला. की बघा, मला वाचता येतं आता! कुणाला न विचारता वाचता येतं!

मग मॅनेजरबाई अभिजितला म्हणाल्या, "व्हाय लाइक दॅट? जस्ट नाऊ कॅन, नाऊ कॅनॉट." आजोबा स्क्रीनकडे बघत बसले होते. अभिजितने लांबूनच मला खूण केली, काय आलंय ते ग्रुपवर टाक.

मी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला. पूर्ण काढला. मग तो खालून कापला. बोटाने कड धरली आणि वर सरकवली, शेवटची ओळ जाईपर्यंत. तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "प्रज्ञाच्या फाइलमध्ये एरर येतेय. मी नवीन आहे, मला नीट कळत नाहीये."

घाबरले होते का? नव्हते. हात थरथरले का? नाही. भांबावून झालं, घाईत झालं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण फोटो कापताना कड किती वर न्यायची याचा मी विचार केला होता. थोडी कमी नेली तर माझ्या क्लासचं नाव दिसत होतं. म्हणून आणखी वर नेली. ज्याला कळत नाही तो कुठे कापायचं ते कसं ठरवेल? तुम्हीच सांगा.

दुपारी ऑफिसात येऊन मी माझी राहिलेली ओळ घातली आणि "किरकोळ दुरुस्ती" अशी नोंद करून मुख्य कोडमध्ये चढवली. कोणी काय बदललं हे सगळं तिथे उघडं असतं, कोणालाही बघता येतं, दोन मिनिटांचं काम. कोणी बघितलं नाही. त्यांना बघायची गरजच वाटली नाही, कारण प्रज्ञाचं चुकलं हे त्यांना लगेच पटलं होतं. त्यांनी बघितलं नाही ही त्यांची लाज, ती त्यांनी त्यांची निस्तरावी. मला माहीत होतं की ते बघणार नाहीत. ही माझी.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी आली. तिच्या मशीनवर सगळं नीट चालत होतं, चालणारच. "माझ्याकडे तर चालून राहिलं," ती म्हणाली. अभिजित म्हणाला, "चालून राहिलं काय? क्लायंटसमोर पडलं." कोणीतरी हसलं. मग ती माझ्या खुर्चीपाशी आली. तो फोटो तिच्या मोबाइलवर उघडा होता.

"ताई, खालची ओळ कुठाय?"

"तेवढंच दिसत होतं गं स्क्रीनवर," मी म्हटलं. "मला कुठलं एवढं कळायला!"

तिने फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा बघितला. मी वेड पांघरलं आणि डबा उघडला.

आता एक गोष्ट, जी माहीत नसली तर हे सगळं ऑफिसातलं किरकोळ राजकारण वाटेल. माझी नोकरी गेली असती तर काय झालं असतं? मी सेम्बावांगच्या घरी बसले असते. समीरचा पास, त्यावर माझा पास. मुलाची शाळा चालू, नवऱ्याची बँक चालू. बायकांच्या घोळक्यात पुन्हा "सध्या काही नाही" म्हणावं लागलं असतं, एवढंच. प्रज्ञाची गोष्ट निराळी. तिचा एम्प्लॉयमेंट पास कंपनीच्या नावावर होता आणि त्याची मुदत संपत आली होती. कंपनीने पुढे अर्ज केला तर पास, नाहीतर देश सोडायचा. तिला दुसरा कुठला आधार नव्हता. आणि हे मला फोटो कापायच्या आधीपासून माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, एका दुपारी कॉफी पिता पिता, की ताई, या खेपेला पास झाला की आईला दर वर्षी आणीन.

अभिजितने काही दिवसांनी मला बोलावलं. प्रज्ञाचा अर्ज पुढे पाठवायचा की नाही, यावर टीमचं मत घेत होता. तुझं काय म्हणणं? तू तिच्याबरोबर बसतेस. मी खांदे उडवले. त्याने उसासा टाकला आणि म्हणाला, "हुशार आहे गं, पण भरवसा नाही. त्यांचं असंच असतं."

त्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. जसं शेवटच्या ओळीचं कळलं होतं तसंच, एका नजरेत. मी "हं" म्हणाले आणि उठले. नवीन होते ना मी! पण अभिजितच्या त्या वाक्यात नवीन काय होतं? ते तर मी लहानपणापासून ऐकत आले होते, घरात, गल्लीत, हळदीकुंकवाला. त्या बाबतीत तरी मी चांगली मुरलेली होते.

अर्ज गेला नाही.

मधल्या काळात प्रज्ञाची आई महिनाभर इथे होती. एका रविवारी प्रज्ञाने मला जेवायला बोलावलं आणि मी गेले. हो, गेले. नाही म्हटलं असतं तर शंका आली असती. हौगांगच्या त्या खोलीत पलंगावर वर्तमानपत्र अंथरून त्या बाईंनी मला सांबारवड्या वाढल्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या, गरम. म्हणाल्या, "परदेशात लेकीला आपलं माणूस भेटलं, बरं झालं माय." मी आणखी दोन वड्या घेतल्या. चव अजून लक्षात आहे, उत्तम होत्या.

जाताना प्रज्ञाने सामान वाटून टाकलं, इथून परत जाणारे सगळेच वाटतात. मला भाताचा कुकर दिला. खोली रिकामी झाली होती, दारात बॅगा. तिने कुकरची वायर नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही नवीन नाही राहिल्या आता, ताई."

तिला कळलं होतं. माझ्या मनात शंका नाही. जिने मला वाचायला शिकवलं तिला ती दुरुस्ती दिसली नसेल? मग ती बोलली का नाही, असं तुम्ही विचाराल. कोणाला सांगायचं होतं तिने? अभिजितला? आणि त्याने कोणाचं ऐकलं असतं? बाकी तिच्या मनात काय होतं ते तिचं; तिच्या वतीने बोलायचा हक्क मी कधीच गमावला आहे.

मी त्याच कंपनीत पुढे चढत गेले. आज माझ्या हाताखाली नवीन मुलं-मुली आहेत. एरर आली की ती घाबरतात, वरून वाचतात, आणि मी मागून जाऊन म्हणते, खालून वाचा. ऑफिसात ते माझं वाक्य म्हणून प्रसिद्ध आहे. मागे कोणीतरी ते कागदावर छापून कॉफी मशीनच्या वर चिकटवलं, खाली माझं नाव घालून. मी ते काढलं नाही. रोज तिथे कॉफी घेते.

मी प्रज्ञाला शोधलं नाही, फोन केला नाही, माफी मागितली नाही. मागणारही नाही. रागावलात? रागवा. माफी मागितली की तिने काहीतरी बोलायला हवं — दिली म्हणायला हवं, नाहीतर नाही म्हणायला हवं. तिने माझ्यासाठी पुन्हा एक काम का करावं? मला हलकंही व्हायचं नाही. लोक म्हणतात, मनातलं बोलून टाकलं की बरं वाटतं. मला बरं वाटायला नको आहे. त्या कुकरमध्ये आमच्या घरी रोज भात होतो, आणि रोज मी तो जेवते.

फक्त ते एक वाक्य मला आता परत करायचं आहे. मी नवीन होते, मला कळलं नाही — हे खोटं आहे. मी जन्मात एखादी एरर पहिल्या फटक्यात बरोबर वाचली असेल तर ती तीच. कापलेला भाग मी मोबाइलमधून कधीच काढून टाकला, पण तो मला पाठ आहे. मराठीत सांगायचं तर शेवटची ओळ अशी होती:

सीनियरपेशंटकडे नंबर नाही.

सीनियरपेशंट मी लिहिला होता. ओळ मी वाचली होती. मला कळली होती.